आंजीची फटफटी आणि मानाचं दालन

बालमित्रांनो, संग्रहालय म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेच्या पेटीतल्या तलवारी, राजांचे अंगरखे, मोडक्या नाकाच्या मूर्ती आणि "हात लावू नका" अशी पाटी. हो ना? पण कुणी सांगितलं, की जगात फटफटींचीही संग्रहालयं आहेत आणि फटफटी चालवणाऱ्यांसाठी मानाची दालनंसुद्धा आहेत, तर? माझ्या मुलीने, म्हणजे आमच्या ताईने, हे कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीत आजोळी निघताना गाडीत बसल्याबसल्या जाहीर केलं, "आई, मला अमेरिकेला जायचंय. तिथे मोटरसायकलचं संग्रहालय आहे."

"आधी आंजीला तर जाऊ," मी म्हटलं.

आंजी (मोठी) हे माझं आजोळ. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, धाम नदीच्या काठचं गाव. आजूबाजूला काळी माती, पऱ्हाटी आणि तूर. आम्ही पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्ध्याला उतरलो. ताई सातवीत, धाकटा चौथीत. धाकट्याचं लक्ष फक्त एका गोष्टीवर होतं, ती म्हणजे गोरस पाक. वर्ध्याला येऊन गोरस पाक न खाणं म्हणजे नागपूरला जाऊन संत्रं न खाण्यासारखंच! तो खिशात पडल्यावर स्वारी खूश झाली आणि आम्ही एस.टी.च्या वेळेपर्यंत मगन संग्रहालयाकडे वळलो.

हे संग्रहालय मला फार आवडतं, कारण इथे राजेमहाराजे नाहीत. इथे आहेत चरखे, खादी आणि गावातल्या कारागिरांच्या उद्योगांची साधनं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचं नाव त्याला दिलेलं आहे आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी खुद्द गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं.

"आई, पण चरखा तर साधी वस्तू आहे. ती कशाला जपायची?" धाकट्याने विचारलं.

"साधी आहे म्हणूनच," मी म्हटलं. "राजाची तलवार जपायला सगळेच धावतात. रोज वापरायच्या वस्तू मात्र जुन्या झाल्या की आपण टाकून देतो. मग पन्नास वर्षांनी कुणाला आठवतसुद्धा नाही, की माणसं कशी जगत होती."

हे मी बोलून तर गेले. पण दुसऱ्याच दिवशी हे वाक्य माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं!

वर्धा आणि दुचाकी

एस.टी.ची वाट पाहताना मी मुलांना एक गंमत सांगितली. ती तुम्हीही ऐका. भारतातल्या लाखो घरांत जी स्कूटर होती, त्या 'बजाज' नावाचं मूळ याच वर्ध्यात आहे. जमनालाल बजाज यांचा जन्म राजस्थानातला, १८८९ सालचा. वर्ध्याच्या शेठ बछराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. पुढे जमनालालजी गांधीजींचे इतके जवळचे झाले, की गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. त्या काळी हे फार मोठं धाडस होतं.

जमनालालजी १९४२ मध्ये गेले. त्यानंतर १९४५ मध्ये 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नावाची कंपनी निघाली. पाहिलंत, वर्ध्याच्या शेठजींचं नाव कसं टिकून राहिलं ते? सुरुवातीला ही कंपनी परदेशातून आणलेल्या दुचाकी आणि तीनचाकी विकत असे. १९५९ मध्ये सरकारकडून गाड्या बनवायचा परवाना मिळाला. इटलीच्या 'व्हेस्पा' स्कूटर इथे तयार होऊ लागल्या. तो करार संपला आणि १९७२ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाची स्कूटर आणली, तिचं नाव 'चेतक'. नाव कुणाचं? महाराणा प्रतापांच्या घोड्याचं!

या चेतकला एवढी मागणी होती, की पैसे भरून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. काहींना तर दहा-दहा वर्षं थांबावं लागलं.

"दहा वर्षं?" धाकटा ओरडला. "म्हणजे मी आत्ता नंबर लावला, तर गाडी मिळेपर्यंत मी एकोणीस वर्षांचा होईन!"

"मग बरंच की," ताई म्हणाली, "तोपर्यंत तुझं लायसन्सचं वय होईल."

पेट्रोलवरची ती जुनी चेतक पुढे बंद झाली आणि २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर रस्त्यावर आली. नाव तेच, पण आवाज मात्र गेला!

गोठ्यातला पाहुणा

आंजीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजी ओट्यावर बसूनच वाट पाहत होती. तिने ऐंशी ओलांडलीत, पण आवाज अजून खणखणीत. मामाजी शेतातून नुकतेच आले होते.

सकाळी मुलं गोठ्यात गेली आणि पाचच मिनिटांत धावत परत आली.

"आई! गोठ्यात मोटरसायकल आहे! कडब्याखाली!"

जाऊन पाहते, तर आबाजींची राजदूत. आबाजी म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गाडीच्या टायरांच्या चिंध्या झालेल्या, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, टाकीवर गंजाचा थर. पण तो गोल दिवा अजून तसाच, डोळे वटारून पाहणारा!

"बरं झालं तुम्ही आले," मामाजी म्हणाले. "शेवटचं पाहून घ्या. उद्या भंगारवाला येते. किलोनं बोली झाली हाये."

"मामाआजोबा, विकू नका ना!" दोन्ही मुलं एकदमच म्हणाली.

"हे फटफटी आता कायले ठेवाची, बाप्पा? सोयाबीनचे कट्टे ठेवाले जागा नाई मले. चालत नाई, फिरत नाई. तुमच्या पुण्यात नेता का?"

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ताई अगदी शांतपणे म्हणाली, "आई, काल तू म्हणालीस ना, रोजच्या वस्तू आपण टाकून देतो म्हणून?"

आता काय बोलणार? आणि मामाजींचंही चूक नव्हतं. कट्टे पावसात भिजले तर नुकसान त्यांचं होतं, आमचं नाही. शेवटी मामाजीच म्हणाले, "जा, मिस्तरीले विचारून या. तो म्हणन चालते, तर पाहू."

मिस्तरीकाकांचं गॅरेज

आर्वी रोडवर मिस्तरीकाकांचं गॅरेज आहे. वर टिनपत्रा, समोर कडुलिंबाचं झाड. झाडाखाली ऑइलने काळी झालेली जमीन आणि मागे कुंपणाच्या आत जुन्या गाड्यांची रांगच रांग. ताई दारातच थबकली. "आई, हेच तर संग्रहालय आहे! फक्त पाट्या नाहीत."

मिस्तरीकाकांना ते ऐकून इतका आनंद झाला, की हातातला पाना खाली ठेवून ते आम्हाला एकेक गाडी दाखवायला निघाले. मी सोबत माहितीची भर घालत होते. चला, तुम्हीही आमच्याबरोबर फिरा.

पहिली बुलेट. मूळची इंग्लंडची. १९५५ पासून मद्रासजवळ तिची जुळणी सुरू झाली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण भारतात बुलेट बनतच राहिली. म्हणजे आई-वडिलांचं घर उठलं आणि लेक सासरी नांदली, तसं झालं!

तिच्या शेजारी येझदी. ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची 'जावा'. यानेचेक नावाच्या मालकाने 'वाँडरर' कंपनीची मोटरसायकल बनवायला घेतली. त्याच्या नावातलं 'जा' आणि वाँडररमधलं 'वा' मिळून झाली जावा. आपल्याकडे ती म्हैसूरला तयार व्हायची. १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. तिची एक गंमत मिस्तरीकाकांनी करून दाखवली. ज्या दांड्याने किक मारायची, तोच दांडा पुढे वळवला की गिअरचा दांडा! धाकट्याने ते चार वेळा करून पाहिलं.

कोपऱ्यात छोटीशी लुना. ही तर आपली महाराष्ट्राची मुलगी. १९७२ मध्ये कायनेटिक कंपनीने ती आणली. ५० सीसीचं इंजिन आणि सायकलसारखी पायडल. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जा! गिअरची कटकट नाही, त्यामुळे कितीतरी शिक्षिका आणि नोकरी करणाऱ्या बायका पहिल्यांदा स्वतःची गाडी स्वतः चालवू लागल्या, त्या या लुनावरच.

त्यापुढे हिरो होंडा. १९८५ ची सीडी १००. तोवर रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या 'टू-स्ट्रोक' होत्या. म्हणजे काय? इंजिनातला दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला की पेट्रोलचा एक भडका. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे. म्हणून तो निळा धूर आणि ते फट्फट्फट्! 'फोर-स्ट्रोक'मध्ये दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली गेल्यावर एक भडका होतो. ऑइल वेगळं राहतं, पेट्रोल कमी लागतं, धूरही कमी. चार स्ट्रोकची गाडी आली आणि फटफटीची हळूहळू 'बाइक' झाली.

"आणि राजदूत?" धाकट्याने विचारलं.

"राजदूत म्हंजे बैल, बाबू," मिस्तरीकाका म्हणाले. "दुधाचे कॅन बांधा, कापसाचं गाठोडं बांधा, खतं बांधा. कुरकुर नाई." राजदूतची १७५ सीसीची गाडी मूळ पोलंडमधल्या एका मोटरसायकलवरून घेतलेली. एस्कॉर्ट्स कंपनीने ती आपल्याकडे बनवायला घेतली आणि खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांनी तिला अगदी आपलंसं केलं.

दूरदेशीची दालनं

चहा आला. आता सांगायची पाळी ताईची होती. तिने वहीच काढली.

जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी मोटरसायकल जर्मनीत १८८५ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी बनवली. तिचा सांगाडा होता लाकडाचा! डाइमलरचा सोळा वर्षांचा मुलगा पॉल तिच्यावर बसून गेला. ती मूळ गाडी १९०३ मध्ये कारखान्याला लागलेल्या आगीत जळाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ १९८४ पासून राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालय आहे. तिथेही २००३ मध्ये मोठी आग लागली आणि शेकडो गाड्या होरपळल्या. पण लोकांनी हार मानली नाही. एकेक गाडी पुन्हा उभी करायला घेतली आणि वर्षभराच्या आसपास संग्रहालय परत उघडलं.

"जळालेली गाडी उभी केली?" मिस्तरीकाका विचारात पडले. "मंग गंजलेली कावून नाई होणार?"

आणि अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या पिकरिंग्टन गावी, ताईचं ते स्वप्नातलं संग्रहालय. तिथे गाड्यांबरोबर माणसांचाही मान राखतात. ज्यांनी मोटरसायकलच्या जगात काही मोलाचं केलं, त्यांची नावं मानाच्या दालनात लागतात. जपानचे सोइचिरो होंडा तिथे आहेत. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो आहेत. मन्रोंची गाडी १९२० सालची, जुनाट. पण ते घरच्या शेडमध्ये तिचे भाग स्वतः ओतायचे, घासायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. १९६७ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर ती ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने पळवून विक्रम केला!

"आणि ही माझी सगळ्यात आवडती," ताई म्हणाली. "बेसी स्ट्रिंगफील्ड." ही कृष्णवर्णीय मुलगी नकाशावर नाणं टाकायची आणि ते पडेल तिकडे मोटरसायकलवर एकटी निघायची. त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसांना बऱ्याच हॉटेलांत जागा देत नसत. मग ती पेट्रोल पंपावर आपल्या गाडीवरच आडवी होऊन झोपायची. दुसऱ्या महायुद्धात तिने सैन्याचे निरोप पोचवायचं काम केलं. १९९३ मध्ये ती वारली आणि २००२ मध्ये तिचं नाव त्या दालनात लागलं.

मिस्तरीकाका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, हात पुसले आणि म्हणाले, "चला, तुमच्या आबाजीची गाडी पाहू."

आजीने सांगितलेली गोष्ट

गोठ्यात मिस्तरीकाकांनी राजदूतची किक दाबून पाहिली. हलेना. "इंजिन जाम हाये," ते म्हणाले, "पण मेलं नाई." त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि सांगितलं, "आठ-पंधरा दिवस असंच राहू द्या. सुटलं तर सुटलं."

"म्हंजे चालन का नाई, हे नक्की नाई," मामाजी म्हणाले. "मंग उद्या भंगारवाल्याले..."

"थांब जरा," ओट्यावरून आजीचा आवाज आला. "तुले आठवत नसन, पण मले आठवते."

आणि आजीने जे सांगितलं, ते मी चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. १९७८ चा पावसाळा. मामाजी अकरा वर्षांचे. संध्याकाळी पऱ्हाटीत त्यांच्या पायाला साप चावला. कुणी म्हणालं, मांत्रिकाकडे न्या. कुणी म्हणालं, दोरी आवळून बांधा, चिरा मारा. आबाजींनी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी मुलाला राजदूतवर मधे बसवलं, मागे धरायला शेजाऱ्याला घेतलं आणि भर पावसात गाडी काढली. रस्त्यात नाल्याला पाणी. दिवा मिणमिणता. वर्धा ओलांडून सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचले. तिथे विषावरचं इंजेक्शन मिळालं. पाचव्या दिवशी मामाजी त्याच गाडीवरून परत आले.

"त्या राती मी या ओट्यावर बसून होती," आजी म्हणाली. "उजाडल्यावर गाडीचा आवाज आला. आवाजावरूनच मले समजलं, पोरगं वाचलं म्हणून. नाई तर ह्यांनी गाडी अशी पळवली नसती."

सगळे गप्प. धाकट्याने हळूच मामाआजोबांच्या पायाकडे पाहिलं.

"मले आठवते ना," मामाजी जमिनीकडे पाहत म्हणाले. "मी आबाजीच्या पाठीले घट्ट धरलं होतं. त्यांचा शर्ट ओला होता. तेवढंच आठवते."

"ट्रिपल सीट!" धाकटा पुटपुटला आणि सगळे हसले. पण मित्रांनो, तेव्हा गावात दुसरं साधनच नव्हतं. आज तुमच्याजवळ १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. साप चावला तर दोरी नको, चिरा नको, मांत्रिक तर नकोच. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. नेपाळमधल्या दमक भागात तर गावकऱ्यांनी साप चावलेल्यांना मोटरसायकलवरून, दोघांच्या मधे बसवून, लवकर उपचार केंद्रात न्यायची व्यवस्था केली आणि सर्पदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. आबाजींना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी फक्त वेळ दवडली नाही.

पाटी लागली

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मामाजींनी त्याला मोडकं नांगर दिलं, फुटका पंप दिला, जुने टिनपत्रे दिले. राजदूतकडे त्याने बोट दाखवलं, तेव्हा म्हणाले, "ते नाई." बस्स, एवढंच.

सोयाबीनच्या कट्ट्यांसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून गोठा आवरला. निम्मी अडगळ गेल्यावर जागा आपोआप झाली. राजदूत पडवीत आली. मुलांनी ती घासूनपुसून घेतली आणि ताईने पुठ्ठ्यावर पाटी लिहिली. सगळ्यात वर आबाजींचं पूर्ण नाव. खाली :

"राजदूत, १७५ सीसी. आंजीत आली १९७४ साली. हिने दूध, कापूस, खत आणि माणसं वाहिली. १९७८ च्या पावसाळ्यात हिने एका मुलाचा जीव वाचवला."

मामाजींनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "गाडीनं कुठी वाचवला? आबाजीनं वाचवला. तसं लिही."

ताईने खोडून पुन्हा लिहिलं. तेव्हा मला कळलं, की संग्रहालयाशेजारी मानाचं दालन का लागतं. वस्तू एकटी काही सांगत नाही. कुणीतरी ती कुणाची, कशासाठी, हे सांगावं लागतं. पाटी नसेल तर ते भंगारच, किलोच्या भावाचं.

निघायच्या दिवशी एस.टी. आर्वी रोडवर मिस्तरीकाकांच्या गॅरेजसमोरून गेली. धाकटा खिडकीतून ओरडला, "आई, बघ!" कुंपणातल्या बुलेटच्या हँडलला एक पुठ्ठा लटकत होता. काय लिहिलं होतं ते वाचता आलं नाही, पण अक्षर मिस्तरीकाकांचंच असणार. त्यावर ऑइलचे काळे ठसे होते.

राजदूत अजून सुरू झालेली नाही. मामाजी फोनवर सांगतात, की ते रोज सकाळी एकदा किक दाबून पाहतात.

आणि आता तुमचं काम, बालमित्रांनो. तुमच्या घरी, माळ्यावर, गोठ्यात, वाड्याच्या मागे काय पडलंय? आजोबांची सायकल? आजीचं शिवणयंत्र? लुना? आधी आजी-आजोबांना विचारा, तिची गोष्ट काय म्हणून. मग एक पुठ्ठा घ्या आणि पाटी लिहा. भंगारवाला यायच्या आत!